'मी मायसेल्फ अँड आय': नवं गाणं की उचलेगिरी?

बेसूर_बाबू: डे ला सोल या तिघा रॅपवाल्यांचं १९८९ चं हे गाणं ऐकलं आणि पाठोपाठ फंकाडेलिक या फंक बँडचं १९७९ चं 'नॉट जस्ट नी डीप' लावलं. बेस तोच, सिंथेसायझर तोच. पंधरा मिनिटांच्या गाण्यातला सगळ्यात झकास तुकडा उचलायचा, वर बडबड करायची आणि अमेरिकेतल्या आर अँड बी गाण्यांच्या यादीत पहिला नंबर पटकवायचा. आयत्या बिळावर नागोबा!

जुनी_कॅसेट: साफ असहमत. पहिला नंबर मूळ गाण्यालाही मिळाला होता, त्यांचं कुणी काही हिरावलं नाही. आणि तुकडा एकच नाही; ओहायो प्लेयर्सचं 'फंकी वर्म'ही त्यात आहे. निर्माता प्रिन्स पॉलनं हे सगळं बेमालूम जुळवलंय. मूळ गाणं नाचाच्या धुंदीचं, तर इथे पोरगा आरशाला विचारतोय, माझ्या कपड्यांत काय खोट आहे? व्हिडिओत तर वर्ग भरलाय, आणि गळ्यात सोन्याची साखळी नाही म्हणून मास्तरसकट सगळे या तिघांची टर उडवतात. हे फंकाडेलिकमध्ये कुठे होतं?

बेसूर_बाबू: शब्द नवे, मान्य. पण घाम कुणाचा? जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'वरचा ड्रमर क्लाइड स्टबलफिल्डचा ठेका शेकडो रॅप गाण्यांत वाजला. गीतकारांत त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे हक्काची रॉयल्टी काही मिळाली नाही. २०१७ मध्ये गेला बिचारा.

जुनी_कॅसेट: हा अन्याय १९६९ मध्येच, रेकॉर्डिंगच्या वेळी झाला. तेव्हा रॅपवाले होते कुठे?

फुकट_सल्ला: दोघांनी कोर्टाकडेही बघा. फंकाडेलिकचा गिटारचा दोनेक सेकंदांचा तुकडा एनडब्ल्यूए या रॅप गटाच्या गाण्यात होता. २००५ च्या निकालात कोर्टानं सांगितलं, परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका (म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलू नका). दावा गाण्यांचे हक्क बाळगणाऱ्या ब्रिजपोर्ट कंपनीचा. तिच्याशी खुद्द फंकाडेलिकचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटनच हक्कांवरून भांडत होता! म्हणजे वादकाच्या नावानं गळा काढायचा आणि पैसा कंपनीच्या घशात. इकडे डे ला सोलचे जुने अल्बम सॅम्पलच्या परवान्यांत अडकून स्ट्रीमिंगवर आले ते थेट मार्च २०२३ मध्ये. त्यांच्यातला ट्रुगॉय त्याआधी जेमतेम तीन आठवडे गेला.

बेसूर_बाबू: वाईट झालं. पण वादक बसवून तोच बेस नव्यानं वाजवून घेतला असता तर ही अडवणूक झाली नसती.

जुनी_कॅसेट: अर्धीच टळली असती. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि चालीचा वेगळा. 'नी डीप'ची चाल वापरली म्हणून पैसे मोजावेच लागले असते.