विसर्जन मिरवणुकीचा मुलाला फार त्रास होतो, मदत हवी आहे

मिरजेची_आई: अनंत चतुर्दशी तोंडावर आली आहे आणि आमचे घर मिरजेत मिरवणुकीच्या रस्त्यालाच लागून आहे. मुलाला स्वमग्नता आहे. गेल्या वर्षी कानांत कापूस घालूनही तो रात्रभर पलंगाखालून बाहेर आला नाही. कानांवर कोणते साधन लावावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ: ताई, मुलाचे वय किती, तो बोलून सांगतो का, आणि त्रास आवाजाचा आहे की गर्दीचा, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

ताशावादक: त्याला आमच्या पथकाच्या सरावाला आणून बसवा. चार दिवसांत भीती मोडते.

कृष्णाकाठ: भीती मोडत नाही, मूल मोडते. थेरपिस्ट सवय लावतात ती अगदी हळू आवाजापासून, आणि तो बंद करण्याचे बटण मुलाच्याच हाती देऊन.

ताशावादक: पारंपरिक वाद्यांना नावे ठेवू नका, त्रास डॉल्बीचा असतो.

नियमावर_बोट: ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. 112 वर तक्रार नोंदवावी. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र काढले नसेल तर आधी ते काढावे.

मिरजेची_आई: प्रमाणपत्र आहे, आणि तक्रार करून त्याच गल्लीत राहायचे आम्हालाच आहे. वय 7, मोजके बोलतो. गर्दी खिडकीतून आवडीने पाहतो. डॉल्बीची गाडी जवळ आली की मात्र छाती दाबून धरतो.

कानांचे_काम: हे आधी लिहायला हवे होते. ठोक्याचा खर्ज, म्हणजे खालच्या पट्टीचा जाड आवाज, कानांइतकाच छातीतून, जमिनीतून आणि खिडकीच्या तावदानांतून पोहोचतो, त्यामुळे कापूस निरुपयोगी ठरतो. कारखान्यात वापरतात तसे, पण लहान मापाचे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ वरच्या पट्टीचा आवाज चांगला अडवतात. खर्ज त्यांनाही पुरता अडवता येत नाही. ते आतापासून घरी थोडा थोडा वेळ घालून पाहावेत, मात्र दिवसभर घालू नयेत, कारण मग साधा आवाजही खुपू लागतो. खरा उपाय म्हणजे त्या रात्री रस्त्यापासून दूर राहणे.

मिरजेची_आई: बहिणीचे घर मळ्यात आहे, पण विसर्जनाच्या दिवशी घर सोडणे सासूबाईंना पटणार नाही.

कृष्णाकाठ: सकाळची आरती घंटा-टाळ न वाजवता त्याच्यासह करा आणि रस्ते बंद होण्यापूर्वी निघा. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा कपडे त्या हिशेबाने घ्या. कुठे जायचे आणि कधी परतायचे, हे त्याला आजपासून चित्रे काढून दाखवा.

मिरजेची_आई: इअरमफ इथे कुठे मिळतील?

कानांचे_काम: कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीकडे सुरक्षासाहित्याच्या दुकानांत चौकशी करा, आणि मुलाला बरोबर न्या, माप डोक्यावर घालूनच कळते.