अर्धवट रिलीज केलेल्या फ्लाइट सिमचं (विमान उडवायच्या गेमचं) पुढे काय होणार?

ढगफोड्या: ऑटोपायलट लावला की विमानाचं नाक वरखाली डोलतंय, धावपट्टीचं टेक्स्चर लोड व्हायच्या आत चाकं टेकतात, आणि वर म्हणे दुरुस्तीचे पॅच येतील... थांबू का रिफंड मागू?

नाईटफ्लायर: मुदत असेल तर रिफंड घे, नंतर सेलमध्ये बघू. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट' फेब्रुवारी २०१२ ला आला नि जुलैत काम बंद!

कॉकपिटकाका: अरे त्याची गोष्ट वेगळी, तिथे बाहेरच्या ॲड-ऑनवाल्यांना (जादा विमानं बनवणाऱ्यांना) दारच बंद होतं. सिम जगतं ते त्यांच्याच विमानांवर, त्यामुळे एसडीके (ॲड-ऑन बनवायचा टूल-संच) कसा दिलाय ते बघ आधी, बग काय, हळूहळू दुरुस्त होतात.

ढगफोड्या: एसडीके आहे पण डॉक्युमेंटेशन निम्मं कोरं 😅

नाईटफ्लायर: मग माग रिफंड.