तुमची गाडी, तुमचा मेस्त्री आणि ही नवी विजेची भानगड: सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, विजापूर रोड

आमच्या घरात नवी गाडी घ्यायचं ठरून चार महिने झाले. गाडी अजून आलेली नाही. मी विजेची म्हणतो, बायको म्हणते रंग कुठलाही आणा पण एकदाचं ठरवा, आणि अण्णांचा प्रश्न एकच: "रात्री अकराला मोहोळच्या पुढं बंद पडली तर बॉनेट कोण उघडणार?"

अण्णांकडे १९९७ ची मारुती ८०० होती, मग दोन वॅगन आर झाल्या. तिन्ही गाड्यांना अशोक चौकातल्या एकाच मेस्त्रीचा हात लागलाय. मला तर संशय आहे की अण्णांची निष्ठा कंपनीवर नाहीच, त्या मेस्त्रीवर आहे.

तर मंडळी, स्वतःचं लिहा. कुठली गाडी, किती किलोमीटर, पुन्हा त्याच कंपनीची घ्याल का. विजेची असेल तर आपल्या मे महिन्यात तिचं काय होतं तेही सांगा. यूट्यूबवर ऐकलेलं नको. तक्रार असेल तर कंपनीचं, शोरूमचं नाव टाकू नका. मागच्या टीव्हीच्या धाग्यावरची भांडणं अजून मिटायची आहेत.

निवृत्त, जुळे सोलापूर

खतांच्या धंद्यात फिरतीची नोकरी केली. सगळे तालुके गाडीनं पालथे घातले. १९९६ पासून आजवर चार मारुती झाल्या, पाचवी घ्यायची वेळ आली तरी तीच घेईन. कारण सांगतो.

एकदा हैदराबाद रस्त्याला अणदूरच्या अलीकडं फॅन बेल्ट तुटला. चूक माझी. मेस्त्रीनं दोनदा सांगितलं होतं, "साहेब, पट्ट्याला चिरा पडल्यात." मी म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. पट्टा गेला, पाण्याचा पंप थांबला, तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. ट्रॅक्टरवाल्यानं अणदुरात सोडलं. तिथं एक दुकान होतं, अर्ध्यात किराणा, अर्ध्यात स्पेअर पार्ट. भिंतीत खिळा, खिळ्याला सात-आठ पट्टे, आणि त्यात माझ्या ८०० चा. दुकानदारानं साखरेची पुडी बांधता बांधता पट्टा काढून दिला. पाऊण तासात मी नळदुर्गला चहा पीत होतो.

त्या खिळ्याला विजेच्या गाडीचं काही लटकलेलं दिसेल त्या दिवशी मी विचार करीन.

चालक-मालक

माझी इनोव्हा हाय. चार लाख ऐंशी हजार किलोमीटर झाले, इंजिन खोललेलं नाय. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर, ह्यातच आयुष्य चाललंय. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फोन करतंय तेव्हा "गाडी कुठली" असं विचारत नाय, "इनोव्हा आहे ना?" असंच विचारतंय. दुसरी घेऊन गेलो की तोंड वाकडं. मग निष्ठा माझी का गिऱ्हाईकाची, तुम्हीच सांगा.

पोरगं मागं लागलंय विजेची घ्या म्हणून. मी त्याला एक दिवस संगं नेलो. पहाटे चारला स्टेशनवरनं गिऱ्हाईक उचललं, अक्कलकोटला दर्शन, तिथनं गाणगापूर, तिथं दुपारच्या माधुकरीच्या आत पोचायचं असतंय, संध्याकाळी तुळजापूर, रात्री परत स्टेशन. मधे कुठं तासभर गाडी लावून ठेवू? गिऱ्हाईकाला काय शेंगाचटणी चाटत बसवू का? पोरगं रात्री गप झोपलं.

पण शहरात फिरायला असती तर मी पण घेतलो असतो. खोटं कशाला बोलू.

मोहोळची बाई

मी शिक्षिका, घर सोलापुरात, शाळा मोहोळ तालुक्यात. रोजचे येऊन-जाऊन ७४ किलोमीटर. दोन वर्षांपासून विजेची छोटी हॅचबॅक आहे, २४ किलोवॉट-तासाची बॅटरी. धागाकर्त्याची आज्ञा म्हणून नाव टाकत नाही.

कागदावरचा आकडा विसरा, तो प्रयोगशाळेतला असतो. मला थंडीत एका चार्जमध्ये १९०-२०० किलोमीटर मिळतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोनला शाळेतून निघते तेव्हा गाडी तव्यासारखी तापलेली असते, एसी पूर्ण लावावा लागतो, तेव्हा १६५-१७०. हायवेला ऐंशीनं चालवली तर हे. शंभरनं दामटली की आकडा डोळ्यांदेखत उतरतो. दोन दिवसांतून एकदा रात्री घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगला लावते, आठ-नऊ तास लागतात.

पैशांचं: पूर्वी पेट्रोलला महिन्याला दहा हजार जायचे. आता वीजबिल तीन-साडेतीन हजारांनी वाढलंय. इथं एक खाच आहे. गाडीचे अडीचशे युनिट घरच्या वापरावर चढतात, एकूण वापर तीनशेच्या वर जातो आणि दर वरच्या पायरीवर. माझ्या शेजारणीनं खालच्या दरानं हिशोब केला होता. पहिलं बिल आल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच महावितरण.

आता खरी गंमत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल ते पाण्यालाच माहीत. रात्री दोनला शेजारच्या काकू "पाणी आलं गं" म्हणून हाक मारतात. ह्यांनी उठून मोटार लावली की खटकन आवाज. एमसीबी पडली. गाडी, मोटार आणि बेडरूमचा एसी, तिन्ही एका वेळी आमच्या मीटरला झेपत नाहीत. हे एमसीबी वर करतात, मोटार चालू करतात आणि झोपतात. पण आधी माझी गाडी त्यांनी प्लगवरून काढलेली असते. सकाळी साडेसहाला बघते तर वरची टाकी काठोकाठ आणि गाडी ३१ टक्क्यांवर उपाशी!

तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी दुसऱ्या बाईंच्या स्कूटीवर मागं बसून शाळेत गेले आणि त्याच आठवड्यात मंजूर भार वाढवायचा अर्ज भरला. गाडी घेताना शोरूममधल्या मुलानं सनरूफबद्दल वीस मिनिटं सांगितलं. मीटरचा भार किती आहे हे एकदाही विचारलं नाही. सनरूफ! सोलापुरात!

पुन्हा विजेचीच घेईन. हो.

बोलेरो, मंगळवेढा

२०११ ची. ज्वारीची पोती, लग्नाचं वऱ्हाड, शेळ्या, एकदा नवरदेव. चालू आहे. बाकी काय लिहू.

गेलेल्या कंपनीचा ग्राहक

निष्ठेवर बोलणाऱ्यांनी आमच्याकडं पण बघा. शेव्हर्लेनं २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथं गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझी गाडी अशाच निघून गेलेल्या एका कंपनीची. कुठली ते सांगत नाही, तिच्यावर अजून जीव आहे. आजवर चालवलेल्यांत स्टिअरिंग सगळ्यात सरळ तिचंच. पण मागचा दिवा फुटला तेव्हा तो मिळायला सहा आठवडे गेले. तोवर लाल जिलेटीन कागद चिकटवून फिरलो. गणपतीचे दिवस होते, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

आता नवीन-नवीन नावं विजेच्या गाड्या घेऊन येतायत. आठ वर्षांची बॅटरीची हमी देतात. मी फक्त एवढंच विचारतो, आठ वर्षं तुम्ही इथं असणार का?

टॉवेलवाला, पूर्व भाग

आमच्याकडं आजोबांपासून एकच कंपनी. ती सुटली ती मुलीमुळं. डिसेंबर २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे, पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. मुलगी तेव्हा नववीत. मोबाईलवर ती गाडी आपटायचा व्हिडिओ घेऊन आली आणि म्हणाली, पप्पा, आपल्या गाडीचा असा व्हिडिओ दाखवा. दाखवला. जेवताना कुणी बोललं नाही. पुढच्या दिवाळीला टाटा आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरला पाच तारे पडले तेव्हा धाकट्या भावानं ती घेतली. म्हणजे निम्मं घर परत जुन्या देवाला गेलं.

विजेच्या गाडीची मला एकच भीती, ती विकताना. लूम म्हातारा झाला तर भंगारवाला वजनावर नेतो, त्याचा दर सगळ्यांना माहीत. सहा वर्षं वापरलेल्या बॅटरीचं वजन कुठल्या काट्यावर करायचं? मित्रानं तीन वर्षांची विजेची गाडी विकायला काढली, तीन दलालांनी तीन भाव सांगितले, आणि सगळ्यात वरच्या-खालच्यात अडीच लाखांचा फरक. म्हणजे भाव कुणालाच माहीत नाही.

वायरिंगवाला

इलेक्ट्रिकल कंत्राटं घेतो. मोहोळच्या बाईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. गाडी बघायला जायच्या आधी घरचं अर्थिंग बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरी वायर प्लगपर्यंत येते आणि पुढं कुठंच जात नाही. पेट्रोलच्या गाडीला ते कळायचं कारण नव्हतं. विजेची गाडी चार्जच घेत नाही, मग लोक गाडीला शिव्या देतात.

उष्म्याचं म्हणाल तर बॅटरी कुठल्या जातीची ते विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, तुलनेनं उष्णता जास्त सोसते आणि जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज झेलते. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली वजनात हलकी, पण तिला जास्त जपावं लागतं. दुपारी बेचाळीस अंशांत हायवेवरून येऊन लगेच फास्ट चार्जरला लावू नका, जरा सावलीत थांबा. हमीपत्रात बॅटरी किती टक्क्यांच्या खाली घसरली की बदलून देणार हे वाचा. नुसतं "आठ वर्षं" वाचून सही करू नका.

आणि "धूर नाही, धूर नाही" म्हणणाऱ्यांना मी आपल्या एनटीपीसीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दाखवतो. १३२० मेगावॉट, कोळशावर. गाडी स्वच्छच हवी असेल तर छतावर सोलर टाका. तीन किलोवॉटला पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान आहे. ऊन तर आपल्याकडं फुकट आणि नको तेवढं.

होटगी रोड

माझी विजेची गाडी चौदा महिन्यांची असताना एका सकाळी दारच उघडेना. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून उघडलं, तर पडदा काळा. रात्री ७८ टक्के चार्ज होता! हेल्पलाइनवाला म्हणाला, उद्या फ्लॅटबेड पाठवतो, पुण्याला न्यावी लागेल. म्हणजे अडीचशे किलोमीटर दुसऱ्याच्या पाठीवर.

आमच्या कोपऱ्यावर रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एकजण बसतो. त्याला सहज बोलावलं. त्यानं बॉनेट उघडून आधी दोन्ही हात पाठीमागं बांधले. "साहेब, नारिंगी वायरीला मी हात लावणार नाय. बाकी काय ते दाखवा." नारिंगी म्हणजे मोठ्या बॅटरीची, जीवघेण्या दाबाची. बाजूला एक छोटी साधी बारा व्होल्टची बॅटरी होती, कुठल्याही गाडीत असते तशी. मीटर लावला, ९.२. ती बसली होती. दारं, पडदा, मोठ्या बॅटरीला जागं करणारा रिले, सगळं त्या छोटीवर चालतं. त्यानं मॅन्युअलमधलं पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग दुसऱ्या बॅटरीनं जंप दिला. गाडी टुंग करून उठली. दोनशे रुपये घेतले. फ्लॅटबेडला नको म्हणून सांगितलं. नंतर हमीत छोटी बॅटरी बदलून मिळाली, ते मान्य करतो.

भिगवणला अडकलेला

दिवाळीत पुण्याहून येताना हायवेच्या चार्जरवर दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग. एक बंद. दुसरी ज्या गाडीला लावलेली ती शंभर टक्के भरून उभी, मालक मासे खायला गेलेला. पाऊण तासानं आला, हाताला रश्श्याचा वास. म्हणाला, सॉरी हां, चिलापी फार छान होती. ह्यात बॅटरीचा काय दोष?

धागाकर्ता, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे आभार. अर्थिंग तपासलं, नव्हतं. वायरिंगवाले, तुमचा नंबर खासगी संदेशात द्या.

काल अण्णांना घेऊन मेस्त्रीकडं गेलो. अण्णांनी तोच प्रश्न विचारला, मोहोळच्या पुढं रात्री अकराला. मेस्त्रीनं हात पुसले, टेबलाचा खण ओढला आणि जाड रबरी हातमोज्यांचा जोड समोर ठेवला. हजार व्होल्टपर्यंतचे, पोरगं पुण्याहून कोर्स करून येताना घेऊन आलंय म्हणे. प्लास्टिकचं पाकीट तसंच्या तसं बंद.

"वापरले नाहीत?"

"कुणी आणलीच नाय की अजून गाडी."

अण्णांनी पाकीट उलटंपालटं करून त्यावरची तारीख वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली. मग मेस्त्रीच्या काळ्या, रुंद पंजाकडं बघितलं. "तुझ्या मापाचे तरी हायत का रे?"

मेस्त्रीनं दातानं पाकीट फाडलं.