मदत हवी आहे: बेलीझमध्ये हॉपकिन्स की प्लासेन्सिया?

मंडळी, एप्रिलच्या शेवटी न्यू जर्सीहून मध्य अमेरिकेतल्या बेलीझला जातोय, आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. पाच-सहा रात्री या दोन किनाऱ्यावरच्या गावांपैकी एकाच गावात राहायचंय, मध्ये हॉटेल बदलायचं नाही कारण बाबांचे गुडघे. बजेट मध्यम, मोठं रिसॉर्ट नको.

हॉपकिन्स मला जास्त आवडतंय, आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या गारिफुना लोकांचं गाव, ड्रमिंग, आणि कॉक्सकोंबचं जॅग्वार अभयारण्य जवळ (जॅग्वार दिसणार नाही हे लेकीला अजून सांगितलेलं नाही). पण आई शुद्ध शाकाहारी, आणि तिथला प्रसिद्ध पदार्थ हुदुत म्हणजे नारळाच्या रश्श्यात मासा, मग रोज राइस अँड बीन्सच का? प्लासेन्सियात रेस्टॉरंट्स जास्त, गावातच छोटी धावपट्टी आहे त्यामुळे बेलीझ सिटीहून थेट विमान, आणि किनाऱ्याला समांतर ती अरुंद सिमेंटची पायवाट, बाबांना चालायला सोपी. पण टुरिस्टी झालंय म्हणतात.

रिव्ह्यू वाचून झाले, दोन्हीकडच्या हॉटेलांना सारगॅसमबद्दल (किनाऱ्याला वाहून येणारं समुद्री शेवाळ) ईमेल केली तर दोघांचंही उत्तर "आमच्याकडे फारसं नसतं", म्हणजे काहीच कळलं नाही. गाडी भाड्याने घेणार, रात्री चालवणार नाही. डायव्हिंग कोणी करत नाही, लाफिंग बर्ड के (Caye) या छोट्या बेटावर एकदा स्नॉर्कलिंग बास.

एप्रिल-मेमध्ये कोणी प्रत्यक्ष राहिलं असेल तर सांगा, पोहता येईल इतपत स्वच्छ पाणी कुठल्या गावात होतं, आणि हॉपकिन्समध्ये बिनमांसाचं, लार्ड (डुकराची चरबी) न घातलेलं जेवण सांगून बनवून देतात का?