ग्रीक स्तिफादो : मांस मऊ होईपर्यंत कांदे विरघळतात, काय करावे?

शेवंती (मेलबर्न) :
नमस्कार. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या क्रीट बेटावरच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे बीफचा स्तिफादो, म्हणजे छोट्या अखंड कांद्यांबरोबर मंद आचेवर शिजवलेला मांसाचा रस्सा, जेवले आणि तेव्हापासून तो घरी जमवण्याचा प्रयत्न करते आहे. पहिल्यांदा सवयीप्रमाणे सगळे जिन्नस कुकरमध्ये एकत्र शिजवले, तेव्हा कांद्यांचा लगदा झाला आणि रस्सा पाणीदार राहिला. दुसऱ्यांदा जाड बुडाच्या पातेल्यात दोन तास शिजवले. पण मांस चिवट राहिले, व्हिनेगरचा आंबटपणा वर आला आणि घरातले तमालपत्र घातल्यामुळे वासही आपल्या मसालेभाताकडे झुकला. आजींच्या पातेल्यात कांदे अखंड होते आणि रस्सा मधासारखा दाट होता. माझे नेमके कुठे चुकते आहे?

पारिजात :
शेवंतीताई, मी काही वर्षे अथेन्समध्ये राहिलो आहे, त्यामुळे तिथे पाहिलेले सांगतो. स्तिफादोत कांदा हा मसाल्याचा भाग नसून मांसाच्या बरोबरीचा जिन्नस असतो, म्हणून एक किलो मांसाला जवळपास एक किलो छोटे, सांबाराला वापरतात तसे कांदे घ्यावेत. ते दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून काढले की साले सहज निघतात. सोलताना मुळाकडचा भाग जपावा, कारण पाकळ्या त्यानेच धरलेल्या असतात. तो कापला की कांदा सुटलाच म्हणून समजा. मग ऑलिव्ह तेलात सोनेरी डाग पडेपर्यंत वेगळे परतून बाजूला ठेवावेत आणि शेवटच्या पाऊण तासात पातेल्यात घालावेत. त्यानंतर डाव अजिबात घालू नये, पातेलेच दोन्ही कानांनी धरून हलवावे.

तमालपत्राबद्दलची आपली शंका रास्त आहे. आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असते आणि त्याच्या पानावर देठापासून टोकाकडे तीन शिरा जातात. ग्रीक स्वयंपाकातले ‘दाफ्नी’ हे लॉरेलचे पान असते, त्याला मधोमध एकच शीर असते आणि त्याचा वास अगदी निराळा येतो. त्याची दोन पाने, दालचिनीचा एक तुकडा, तीन-चार लवंगा आणि ऑलस्पाइसचे (मिऱ्यासारख्या दिसणाऱ्या सुवासिक मसाल्याचे) पाच-सहा दाणे एवढे पुरे होतात. ऑलस्पाइसला ग्रीक लोक ‘बहारी’ म्हणतात. आपल्याकडच्या बाजारात ते कधीकधी कबाबचिनीच्या नावाने मिळते, परंतु खरी कबाबचिनी ही शेपटीच्या मिऱ्यासारखी वेगळी वस्तू आहे.

नावाचेही सांगतो. ‘स्तिफादो’ हा शब्द इटालियन ‘स्तुफातो’शी जोडला जातो, आणि क्रीटवर १६६९ पर्यंत चार शतकांहून अधिक काळ व्हेनिसची सत्ता होती हे लक्षात घेतले तर त्याचे नवल वाटत नाही.

कोंडाजी :
मांस चिवट राहण्याचे कारण बहुधा आच आहे. खांद्याचे किंवा नळीकडचे, भरपूर स्नायुबंध असलेले मांस घ्यावे. त्यातले कोलॅजन, म्हणजे स्नायुबंधांतले चिवट प्रथिन, साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू जिलेटीनमध्ये बदलते आणि आजींच्या रश्शाचा दाटपणा त्यातूनच येतो. खळखळून उकळले तर हे रूपांतर पुरे होण्याआधीच तंतू आकसून आतला रस बाहेर टाकतात. पृष्ठभागावर अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा एवढी आच ठेवून अडीच तास द्यावेत. कुकरमध्ये मांस मऊ होते, पण वाफ कोंडल्यामुळे पाणी आटत नाही. म्हणून कुकर वापरायचाच असेल तर तो फक्त मांसापुरता वापरून पुढचे काम उघड्या पातेल्यात करावे.

पारिजात यांच्याशी एका बाबतीत माझे थोडे वेगळे मत आहे. कांदे सुरुवातीपासून घातले तरी चालतात, कारण व्हिनेगर, वाइन आणि टोमॅटो यांच्या आम्लामुळे कांद्यातले पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ, लवकर सुटत नाही. अट एवढीच की कांदे अखंड असावेत आणि आच मंद असावी. व्हिनेगर मात्र तीन मोठे चमचेच घालावे, आणि तेही मांस परतल्यावर लगेच, वाइनबरोबर. नाकाला झोंबणारा वास गेल्याशिवाय टोमॅटो घालू नये. आपण ते शेवटी घातले असावे, असे मला वाटते.

पुणेकर वाचक :
महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मी हाच पदार्थ बोकडाच्या मांसाचा करतो आणि तो उत्तम होतो. ग्रीसमध्येही सशाचा स्तिफादो तितकाच प्रसिद्ध आहे, शिवाय उपवासाच्या काळात, मांस वर्ज्य असताना, ऑक्टोपसचा करतात.

शेवंती :
सर्वांचे मनापासून आभार. व्हिनेगर मी खरोखरच शेवटी घालत होते. काल नळीचे मांस आणून अडीच तास मंद आचेवर ठेवले, कांदे शेवटच्या पाऊण तासात घातले. एकही फुटला नाही. रात्री चव जराशी तुटक वाटली, पण आज दुपारी गरम केल्यावर दालचिनी आणि आंबटपणा एकमेकांत मुरले होते. आजींना डबा देऊन आले. त्यांनी कांदा काट्याने दाबून पाहिला आणि पुढच्या वेळी सोबत तांदळाच्या आकाराचा ‘क्रिथाराकी’ पास्ता करायला सांगितला.