साताऱ्यात लहान मुलांसोबत कुठे चालावं?

पाच-सहा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणारी आजी सोबत असतील तर, असं विचारलंय. बाकी उत्तरांत सगळे कासचं पठारच सुचवतायत. फुलांच्या हंगामात तिथे बुकिंग करून जावं लागतं, वारं झोंबतं आणि मुलं कंटाळतात.

त्यापेक्षा अजिंक्यतारा किल्ला. डांबरी रस्ता दरवाज्याच्या जवळपर्यंत जातो, त्यामुळे आजींना गाडीने वर सोडून बाकीच्यांनी चालत यावं. मधल्या पायवाटांचे शॉर्टकट टाळा. चढताना काही वाटत नाही, पण उतरताना सुट्या मुरमावर पाय सरकतो आणि मुलं हमखास धावत सुटतात. वर मंगळाई देवीच्या देवळापर्यंत रमतगमत जा. सावली फार नाही, म्हणून नऊच्या आत खाली उतरलेलं बरं.

मुलं जरा चालणारी असतील तर देगावजवळच्या डोंगरावरचं पाटेश्वराचं देवस्थान. पायऱ्या सुरू होतात तिथेच गणपती कोरलेला आहे, पुढे अर्धा तास झाडीतून चढ. वर पुष्करिणी (पाण्याचं कुंड) आणि लहान-मोठ्या असंख्य पिंडी. मुलांना मोजायला लावा, दमल्याचं विसरतात! पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळं धरतं. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत, खाचा असलेले बूट हवेत. वर दुकान नाही असं धरूनच माणशी लिटरभर पाणी घ्या.

सज्जनगडाला गाडी वरपर्यंत जात असली तरी शेवटी पायऱ्या आहेतच. माकडं पिशव्या ओढतात, खाऊ सॅकमध्ये ठेवा.