शब्दचर्चा: आटे, शंकू, पाझर आणि झोल

अक्षरवाट: गाडीच्या इंधन आणि ऑइल लाइनींच्या फिटिंगवर मराठीत लिहिताना अडतंय. थ्रेडला ‘आटे’ आहेत, पण ‘सील’, ‘टेपर’, ‘फ्लेअर’ यांना काय म्हणावं? आणि ‘-६ एएन’ (फिटिंगच्या मापांची आर्मी-नेव्ही पद्धत) कसं वाचायचं, उणे सहा?

सूतमाप: उणे नाही, डॅश सहा. आकडा म्हणजे इंचाचे सोळांश. मिस्त्र्यांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे डॅशचा आकडा निम्मा केला की सूत निघतं: डॅश सहा तीन सूत, डॅश दहा पाच सूत. पण हे माप फिटिंग ज्या कडक नळीसाठी बेतली तिच्या बाहेरच्या व्यासाचं. होजच्या, म्हणजे लवचीक नळीच्या, भोकाचंही नाही, आट्यांचंही नाही. डॅश सहाचे आटे ९/१६ इंचाचे, इंचाला १८.

सुताची बोली पाइपच्या आट्यांपाशी फसवते. १/८ एनपीटीला (पाइपच्या अमेरिकी आट्यांची फिटिंग) ‘एक सुताची’ म्हणतात, पण व्हर्नियर लावला तर बाहेरचा व्यास १० मिमीच्या थोडा वर भरतो. तिथे सूत बोलूच नका.

शंकू३७: ‘सील’साठी नाम शोधत बसू नका, क्रियापदं वापरा: कोण *धरतं* आणि कोण *अडवतं*. एएन आणि तिची औद्योगिक बहीण जेआयसी, या फिटिंगमध्ये आटे फक्त धरतात. तेल अडवतो तो ३७ अंशांचा शंकू. म्हणून तिथल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं व्यर्थ. उलट टेपचा धागा सुटून टर्बोला तेल पुरवणाऱ्या लाइनीतल्या बारीक भोकात अडकतो. आटे आणि शंकू यांना इंजिन ऑइलचा हात फिरवा, पुरे. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांना चिकटून फाटतात.

ओ-रिंग पोर्टमध्ये रबरी रिंग अडवते, बॅंजोत (पोकळ बोल्टानं धरलेल्या कडीच्या फिटिंगमध्ये) कडीच्या दोन बाजूंचे तांब्याचे वायसर. आटेच अडवतात ते एनपीटीसारख्या पाइपच्या आट्यांत, कारण ते निमुळते.

अक्षरवाट: मग टेपरला ‘निमुळते आटे’ चालेल?

सूतमाप: उत्तम. सरळ आटे आणि निमुळते आटे. वाचणाऱ्याला लगेच कळतं की निमुळते जितके आत जातील तितकी पाचर बसते. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये ‘अजून थोडं’ म्हणून आवळलं की तडा. हातानं घट्ट झाल्यावर दीड ते दोन फेरे, आणि सीलंट लावताना टोकाचा पहिला आटा कोरडा.

बीएसपीशी, म्हणजे पाइपच्या ब्रिटिश आट्यांशी, गल्लत नको. १/८ एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. शिवाय आट्याचा कोन एकीकडे ६० अंश, दुसरीकडे ५५. दोन-तीन फेरे गुण्यागोविंदानं जातात, मग अडकतं आणि माणूस लांब पाना आणतो.

शंकू३७: फ्लेअरसाठी ‘फुलवलेलं तोंड’ हा शब्द मला आवडतो, फक्त कोन लिहायला विसरू नका. ब्रेक पाइपचं तोंड बहुधा ४५ अंशांचं. डॅश चार, पाच, आठ आणि दहा या मापांत ३७ आणि ४५ अंशांच्या फिटिंगचे आटे सारखेच असतात! नट सुरळीत चढतो, पण शंकू एका बारीक कडेवरच टेकतो. आवळलं की तोंड चेपतं.

किती आवळायचं? हातानं घट्ट करा, नट आणि बॉडीवर मार्करची एक रेघ ओढा, मग रेघेपासून नट त्याच्या सहा पैलूंपैकी किती पैलू फिरला ते मोजा. पोलादी डॅश सहाला सव्वा ते दीड पैलू. अ‍ॅल्युमिनियमला निर्मात्यानं दिलेला टॉर्क, तो कमीच असतो.

कोरडाहात: ‘गळती’ हा एकच शब्द सगळीकडे लिहू नये. बोलीत तीन-चार आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

*ठिबक*: प्रेशर येताच थेंब. शंकूवर ओरखडा, किंवा ओ-रिंग राहून गेली.

*पाझर*: तासाभरानं होजवरच्या स्टीलच्या जाळीवर ओल चढते. होज सॉकेटमधून (फिटिंगच्या बाहेरच्या कवचातून) मागे सरकलाय. होज सॉकेटमध्ये पूर्ण ढकलल्यावर काठाशी चिकटपट्टीची खूण करा. निपल (होजच्या आत शिरणारा भाग) आवळल्यावर खूण दीड मिमीहून जास्त सरकली असेल तर उघडून पुन्हा बसवा. कापतानाही पट्टी घट्ट गुंडाळून मधोमध कापा, नाहीतर स्टीलची जाळी विस्कटते. कापल्यावर आतून हवा मारा, रबराचा चुरा थेट इंजेक्टर गाठतो.

*वास*: ओल कुठेच नाही, तरी बंद गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास. हे फिटिंगचं पाप नाही, रबरातून वाफ झिरपते. टेफ्लॉनचं अस्तर असलेला होज घ्या, इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला तर तोच. अस्तर काळं, कार्बनयुक्त हवं, म्हणजे स्थिर वीज वाहून जाते. त्याला ऑलिव्हवाल्या (अस्तरावर बसणारी छोटी धातूची कडी असलेल्या) फिटिंग लागतात. रबरी होजच्या चालत नाहीत.

अक्षरवाट: ‘अस्तर’ टिपून ठेवतो. टर्बोच्या ऑइल ड्रेनबद्दल, म्हणजे तेल परत नेणाऱ्या पाइपाबद्दल, एक वाक्य हवं होतं: ‘मार्गात खोलगट भाग नसावा.’

कोरडाहात: ‘पाइपाला झोल नको’ लिहा. तेल तिथे गुरुत्वानंच उतरतं, म्हणून डॅश दहा किंवा बारा, उतार सलग, आणि शेवट सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रातल्या) तेलाच्या पातळीच्या वर. झोल पडला की तेल तुंबतं, टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. मग लोक टर्बो बदलतात.